गाडी ओके आहे

रबरी वायसर बनवणाऱ्या एका कारखान्यात साहेबांनी बत्तीस वर्षं तपासनीस म्हणून काढली. तोंडावर त्यांना सगळे ‘साहेब’ म्हणायचे आणि पाठ वळली की ‘नापास’. हे दुसरं नाव त्यांनी स्वतःच्या कष्टाने मिळवलं होतं. पट्ट्यावरून वायसर सरकत यायचे, साहेब भिंग डोळ्याला लावायचे, आणि ज्याच्या कडेला केसाएवढी फट दिसेल तो लाल डब्यात जायचा. एखाद्या दिवशी मशीनने नजरचुकीने सगळेच वायसर चांगले काढले, तर साहेबांना दुपारचा डबा गोड लागत नसे. कारागीर कुरकुरले की ते शांतपणे म्हणत, “मी कुणाला नापास करत नाही. वायसर स्वतःच नापास होतो, मी फक्त नोंद करतो.”

बत्तीस वर्षांत त्यांनी स्वतः एकही वायसर बनवला नाही. त्यामुळे त्यांच्या हातून एकही खराब वायसर निघाला नाही, हा विक्रम आजही अबाधित आहे.

निवृत्तीनंतर तपासायला उरलं फक्त घर आणि आजूबाजूचा परिसर. पहिल्याच महिन्यात त्यांनी बाथरूमचा नळ, जिन्याचा कठडा आणि शेजाऱ्याचं फाटक यांत मिळून अठ्ठावीस दोष शोधले आणि संबंधितांना कळवले. फाटकवाल्या शेजाऱ्याने बोलणं टाकलं. साहेबांना वाईट वाटलं नाही. सुधारणेला लोकांचा विरोध असतोच, हे त्यांना कारखान्यापासून ठाऊक होतं.

त्यांची बायको मात्र या तपासणीच्या कक्षेबाहेर होती. ती लोकांना गाडी चालवायला शिकवायची. सगळे तिला ‘बाई’ म्हणत. बाईंची अकरा वर्षांची लहानशी पेट्रोल गाडी होती, छपरावर ‘शिकाऊ’ अशी पिवळी पाटी, आणि शेजारच्या सीटखाली जास्तीचा ब्रेक आणि क्लच. समोरचा माणूस गाडी थेट विजेच्या खांबाकडे नेत असला तरी “छान, आता जरा डावीकडे,” असं म्हणणाऱ्या त्या बाई. एकाच घरात अशी दोन माणसं एकतीस वर्षं कशी नांदली, याचं उत्तर सोपं आहे: दिवसभर दोघंही बाहेर असायची.

एका शनिवारी जेवताना बाई सहज म्हणाल्या, “गाडीचं पेडल दाबताना सुरुवातीला जरा अडकल्यासारखं होतंय. पुढच्या आठवड्यात मौनीकडे टाकते.”

मौनी म्हणजे कोपऱ्यावरचा मेकॅनिक. दिवसाला दहा-बारा शब्द बोलायचा, तेही मोजून.

“मौनीला काय विचारायचं?” साहेब म्हणाले. “थ्रॉटल बॉडी घाण झाली असणार. तासाभराचं काम आहे.”

“तुम्हाला येतं?”

“त्यात येण्यासारखं काय आहे?”

रविवारी बाई बहिणीकडे गेल्या आणि साहेबांनी बॉनेट उघडलं. तयारी म्हणून त्यांनी आदल्या दिवशी चौदा मिनिटांचा एक व्हिडिओ बघितला होता. चौदापैकी नऊ मिनिटं. पुढचं त्यांच्या लक्षात आलं होतं.

थ्रॉटल बॉडी म्हणजे इंजिनाचं नाकच. आत जाणारी हवा तिथून जाते. मधे एक गोल पातळ झडप असते. पेडल दाबलं की ती उघडते, सोडलं की मिटते. अकरा वर्षांत त्या नाकात काजळी साचली होती. साहेबांनी हवेचा जाड पाइप काढला, चार बोल्ट काढले, फवारा मारला, जुन्या टूथब्रशने घासलं. झडप नीट उघडत नव्हती म्हणून बोटाने ढकलून धरली. विजेवर चालणाऱ्या झडपेला बोट लावू नये, हे व्हिडिओतल्या माणसाने हात जोडून सांगितलं होतं. अकराव्या मिनिटाला.

मग आली बसवणीतली रबरी सील. इथे मात्र साहेब आपल्या घरी आले. भिंग निघालं. सील उजेडात धरली गेली, बोटांमधून चार वेळा फिरवली गेली, पुसली गेली, पुन्हा धरली गेली. पस्तीस मिनिटांनी साहेबांनी ती पास केली. इतक्या मनापासून त्यांनी आयुष्यात कोणत्याच रबराला पास केलं नव्हतं. त्या समाधानात, हाताला जागा व्हावी म्हणून मागच्या बाजूची जी करंगळीएवढी नळी त्यांनी उपसून ठेवली होती, ती तशीच लोंबत राहिली. बोल्ट बसले, जाड पाइप बसला, क्लिप आवळली गेली. नळी बॅटरीच्या आड बसून हे सगळं बघत होती.

गाडी सुरू केली. आरपीएमचा काटा पंधराशेवर गेला, पाचशेवर पडला, पुन्हा बाराशेवर चढला. अख्खी गाडी थंडी वाजल्यासारखी थरथरली आणि बंद पडली. वर डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला.

साहेबांनी विचार केला. मग बॅटरीची तार दहा मिनिटं काढून ठेवली आणि परत लावली. दिवा गेला. दिवा गेला म्हणजे दोष गेला, असा निष्कर्ष त्यांनी काढला. कारखान्यात दुसऱ्या कुणी असा निष्कर्ष काढला असता तर साहेबांनी त्याच्याकडून लेखी खुलासा मागितला असता.

बाई परत आल्यावर त्यांनी जाहीर केलं, “गाडी स्वच्छ झाली. एक-दोन दिवस जरा वेगळी वाटेल. इंजिनाला स्वच्छ हवेची सवय नाही.”

दुसऱ्या दिवशी शिवणकाकूंची लायसन्सची परीक्षा होती.

शिवणकाकू अठ्ठावन्न वर्षांच्या. शाळांचे गणवेश शिवायच्या. तीन वर्षांपूर्वी नवरा गेला तेव्हापासून त्याची छोटी व्हॅन दारात धूळ खात उभी होती, आणि गठ्ठे पोचवायला काकू ज्याच्या-त्याच्या हातापाया पडत होत्या. एक दिवस त्यांनी ठरवलं की आता पुरे, आणि बाईंकडे नाव घातलं. पाच महिने त्या शिकत होत्या. पहिल्या महिन्यात त्या गिअर बदलताना गिअरची माफी मागायच्या. आता पाचव्या महिन्यात चढावरही गाडी मागे जाऊ देत नव्हत्या.

परीक्षेच्या मैदानावर गाडी चार वेळा बंद पडली. पहिल्यांदा निघतानाच. दुसऱ्यांदा वळणावर. तिसऱ्यांदा चढावर, आणि चौथ्यांदा तर काकूंनी गाडी अगदी नीट थांबवली होती, क्लच पूर्ण दाबलेला होता, आणि ती उभ्या-उभ्या मेली. परीक्षकाने कागदावर आडवी रेघ मारली.

“गाडीतच काहीतरी बिघाड आहे हो,” बाई पुढे होऊन म्हणाल्या.

“गाडी तुमचीच ना?” परीक्षकाने विचारलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

घरी आल्यावर बाईंनी पर्ससुद्धा खाली ठेवली नाही. “अहो, काल नक्की काय केलंत?”

“साफ केलं. फक्त साफ.”

“साफ केल्यावर गाडी बिघडते?”

“बिघडायला मी काय लावलं त्यात? सगळं जागच्या जागी आहे. त्यांनी क्लच लवकर सोडला असेल. परीक्षेत पाय कापतात माणसाचे.”

“पाय कापले असते तर मला दिसलं असतं,” बाई म्हणाल्या. पण नवरा एकतीस वर्षांत कधी चुकलेला नव्हता. म्हणजे चुकला असेल, पण तशी नोंद नव्हती. बाईंनी पर्स खाली ठेवली. मग म्हणाल्या, “बुधवारपर्यंत बघा काय ते. गुरुवारी मी मौनीकडे नेणार.”

संध्याकाळी शिवणकाकू स्वतः आल्या. रस्त्यावरच्या खुणांचं छोटं पुस्तक बाईंनी त्यांना वाचायला दिलं होतं, ते परत करायला. पुस्तकाला त्यांनी कापडाचं कव्हर शिवलं होतं. बाई आत होत्या. हॉलमध्ये साहेब एकटेच होते.

“बाई म्हणतात गाडीतच दोष होता,” काकू दारातच उभं राहून म्हणाल्या. “त्यांचा स्वभावच तसा, समोरच्याला वाईट वाटू देत नाहीत. पण तुम्ही साहेब आहात, खोटं बोलणार नाही. तुम्हीच सांगा, होता का गाडीत दोष?”

आता इथे एक वाक्य पुरेसं होतं. दोन शब्दांचंही चाललं असतं. साहेबांनी घसा साफ केला आणि बत्तीस वर्षांच्या सवयीने तोंडातून निघून गेलं, “मी स्वतः तपासली. गाडी ओके आहे.”

“वाटलंच मला,” काकू म्हणाल्या. “हे पाय शिलाई मशीनचे आहेत. उगाच बाईंचे पाच महिने घालवले.” त्यांनी पुस्तक टीपॉयवर ठेवलं, कव्हर सरळ केलं आणि गेल्या. बाई बाहेर आल्या तेव्हा साहेब त्या कव्हरची शिवण बघत होते. शिवणीत एकही दोष नव्हता. त्यामुळे त्यांना आणखीच कसंतरी झालं.

मंगळवारी साहेबांनी शोधमोहीम हाती घेतली. आधी संशय पेट्रोलवर गेला. पंपवाल्याने भेसळ केली असणार. त्यांनी दुसऱ्या पंपावरून टाकी भरली. गाडी तितक्याच निष्ठेने थरथरली. मग स्पार्क प्लग. चारही नवे घातले. गाडी नव्या प्लगवरही जुन्यासारखीच बंद पडली. बुधवारी हवेचा फिल्टर बदलला, बॅटरीची टोकं घासली, आणि एकदा तर इंजिन सुरू असताना कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे अर्धा तास नुसतं रोखून बघितलं. कारागिरांवर याचा परिणाम व्हायचा. इंजिनावर झाला नाही. इंजिनातून मात्र सापासारखा एक बारीक फुस्स आवाज सारखा येत होता. साहेबांनी तो ऐकला आणि नवीन फिल्टरचा असेल म्हणून सोडून दिला.

जगातली एकच गोष्ट त्यांनी तपासली नाही: रविवारी जिथे स्वतः हात घातला होता ती. ती तपासायचं कारणच नव्हतं. ती त्यांनी केली होती.

गुरुवारी सकाळी बाई नवीन शिकाऊंना खुणा शिकवायला गेल्या. त्यांच्या आधी आपणच गाडी मौनीकडे न्यावी, म्हणजे निदान बोलणं आपल्या हातात राहील, असा साहेबांचा हिशेब. कोपऱ्यावरच्या मौनीकडे जायला मोठ्या रस्त्याने वळसा घालावा लागतो. वाटेत तीन सिग्नल.

पहिल्या सिग्नलला गाडी बंद पडली. साहेबांनी चावी फिरवली, ती सुरू झाली, गिअर टाकला, ती पुन्हा मेली. मागे हॉर्न वाजू लागले. चाळीस वर्षं गाडी चालवणाऱ्या साहेबांच्या कपाळाला घाम आला. पाय खरंच कापू लागले. दुसऱ्या सिग्नलला मागचा डिलिव्हरीवाला बाजूने येऊन काचेत वाकला, वरची पिवळी पाटी बघितली आणि म्हणाला, “काका, आधी शिकून तरी घ्या! कशाला लोकांचा जीव खाताय?”

“अरे, गाडीत दोष आहे!” साहेब ओरडले.

“सगळे हेच म्हणतात,” तो म्हणाला आणि गेला.

तिसऱ्या सिग्नलवर साहेबांनी काच वर करून घेतली होती. आत बसून ते क्लच धरून होते आणि डोळ्यांसमोर दारात उभ्या असलेल्या काकू होत्या. त्यांनी मान हलवून ते चित्र घालवायचा प्रयत्न केला. ते गेलं नाही. गाडी मात्र गेली, म्हणजे बंद.

मौनीने बॉनेट वर केलं, इंजिन सुरू केलं आणि मान तिरकी करून ऐकलं.

“काय केलंत?” त्याने विचारलं.

“काही नाही.”

मौनीने चकचकीत थ्रॉटल बॉडीकडे बघितलं. आजूबाजूच्या अकरा वर्षांच्या धुळीत ती नव्या दातासारखी चमकत होती. “काही नाही?”

“म्हणजे... जरा साफ केली.”

मौनीने रबरी नळीचा एक तुकडा घेतला, एक टोक कानाला लावलं आणि दुसरं टोक डॉक्टरसारखं इंजिनावर फिरवू लागला. बॅटरीजवळ थांबला. हात आत घातला आणि तिथल्या उघड्या नळकांड्यावर अंगठा ठेवला. थरथर थांबली. काटा खाली आला. अंगठा काढला, इंजिन पुन्हा धापा टाकू लागलं. अंगठा ठेवला, शांत. मौनीने असं तीनदा केलं. दोनदा पुरलं असतं, पण त्याने तीनदा केलं.

मग लोंबती नळी ओढून तिथे बसवली. “चोरून हवा ओढत होतं,” तो म्हणाला. मौनीच्या मानाने हे भाषणच होतं. “झडपेला बोट लावलंत?”

“...लावलं.”

“बॅटरी काढलीत?”

“दिवा जाईना म्हणून.”

मौनीने एक सुस्कारा सोडला, यंत्र जोडलं आणि झडप तपासली. नशिबाने मोडली नव्हती. मग त्याने मोजकं बोलून समजावलं ते असं: अकरा वर्षं काजळी धरून इंजिनाच्या कॉम्प्युटरने हवेचं गणित बसवलं होतं. काजळी गेली, तार काढल्याने गणितही पुसलं गेलं, आणि वरून ही नळी उघडी. आता त्याला सगळं नव्याने शिकवायला लागेल. यंत्रावर काही बटणं दाबून त्याने एसी, दिवे सगळं बंद ठेवलं आणि गाडी तशीच पंधरा मिनिटं जागेवर चालू ठेवली. काटा हळूहळू आठशेवर येऊन बसला आणि हललाच नाही.

“बाईंना काय सांगशील?” साहेबांनी हळूच विचारलं.

मौनीने खांदे उडवले. तो कुणालाच काही सांगत नसे. साहेब सुटले होते. नळी जागेवर, दिवा विझलेला, साक्षीदार मुका. गाडी घरी नेऊन ‘पेट्रोलमध्ये कचरा होता’ म्हटलं की प्रकरण बंद. साहेब गाडीत बसले, सिग्नलवर थांबले, हिरवा दिवा लागला, गाडी लोण्यासारखी निघाली. घराकडे वळायच्या ठिकाणी ते वळले नाहीत.

शिवणकाकूंच्या दुकानात मशीन चालू होतं. साहेब कापडांच्या गठ्ठ्यांमधून वाट काढत आत गेले. वाटेत त्यांनी मनात वाक्य घोळवून ठेवलं होतं.

“सोमवारच्या गाडीत तपासणीअंती दोष आढळून आला आहे,” ते म्हणाले.

मशीन थांबलं. “कोणाला आढळला?”

“आढळला. म्हणजे... एक नळी निसटलेली होती.”

काकू हसल्या. “साहेब, तुम्हीसुद्धा बाईंसारखेच निघालात की. माझं मन राखायला एवढ्या लांब आलात?”

साहेबांनी पुन्हा सांगितलं. काकूंनी पुन्हा विश्वास ठेवला नाही. तिसऱ्यांदा त्यांनी चहा विचारला. साहेबांची पंचाईत अशी झाली की त्यांनी उभ्या आयुष्यात चूक कबूल केलेली नसल्यामुळे त्यांना ती कबूल करता येते यावर कुणाचा भरवसाच बसेना. शेवटी ते काकूंना हाताला धरून बाहेर घेऊन आले, बॉनेट उघडलं, गाडी सुरू केली.

“हे बघा.” त्यांनी नळी उपसली. गाडी थरथरली, गचके खाऊन मेली. नळी लावली, चावी फिरवली, गाडी शांत. “ही मी काढली. रविवारी. आणि लावायला विसरलो. मी. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मला शंका होती, तरी ओके म्हणालो.”

काकू इंजिनावर वाकल्या. मग म्हणाल्या, “परत काढा.”

साहेबांनी नळी काढली. गाडी मेली.

“परत.”

आणखी चार वेळा तसं झालं. पाचव्या वेळी काकूंचा आवाज चढला. “तीन रात्री मी झोपले नाही! व्हॅन विकायला काढली मी काल! माणूस बघून गेला! आणि तुम्ही हॉलमध्ये बसून ‘ओके आहे’?” रस्त्यावरची माणसं थांबून बघू लागली. भर दुपारी, भर रस्त्यात, उघड्या बॉनेटसमोर साहेबांचा असा पाणउतारा झाला की कारखान्यातल्या एखाद्या कारागिराने तो बघितला असता तर त्याला आयुष्याचं सार्थक वाटलं असतं. साहेबांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. “बरोबर आहे,” एवढंच ते मधूनमधून म्हणत होते, आणि दर वेळी ते म्हणणं त्यांना थोडं सोपं जात होतं.

व्हॅन विकली गेली नाही. घरी बाईंना सगळं सांगितल्यावर त्यांनी साहेबांकडे नवीन शिकाऊ माणसाकडे बघावं तसं बघितलं. “छान,” त्या म्हणाल्या. “आता जरा बॉनेटपासून लांब.” त्या आठवडाभर साहेबांशी अगदी गोड वागल्या, आणि ही शिक्षा साहेबांना काकूंच्या बोलण्यापेक्षा जड गेली.

महिन्याभराने काकू पुन्हा परीक्षेला बसल्या. गाडी एकदाही बंद पडली नाही. काकूंनी मात्र गाडी मागे घेताना दोन खांब आडवे केले आणि पुन्हा नापास झाल्या. बाहेर आल्या त्या हसतच.

“खांब मी पाडले!” त्या साहेबांना म्हणाल्या. “गाडी ठणठणीत होती. चूक माझी, एकदम माझी!” इतक्या आनंदाने स्वतःला नापास करून घेणारं माणूस साहेबांनी बत्तीस वर्षांत बघितलं नव्हतं. ते मैदानावर गेले आणि दोन्ही खांब उभे करून आले.

तिसऱ्या खेपेला काकू पास झाल्या. त्याच आठवड्यात मौनीने व्हॅनचं नाक साफ केलं. काकूंनी साहेबांना त्या दिवशी मुद्दाम कळवलं नाही. सोमवारी सकाळी साहेब कोपऱ्यावर उभे असताना गणवेशांनी भरलेली व्हॅन समोरून गेली. साहेबांनी हात वर केला. काकूंनी केला नाही. त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि नजर रस्त्यावर.